स्कोअर कुणाच्या हाती?



अकोल्याच्या आमच्या एका मैत्रिणीची मुलगी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी संघ अमरावतीला गेला होता. इकडे घरातला एकुलता एक चांगला मोबाईल धाकट्या भावाच्या हाती. तो ॲपवर क्रिकेट पाहत बसलेला; प्रत्येक चेंडूचा हिशेब क्षणात समोर. बहिणीच्या सामन्याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. मुली जिंकल्याचे रात्री फोन आला तेव्हा कळले. मैत्रीण म्हणाली, "माही पोरगी तिथं खेळून रायली, अन् मले निकाल कवा समजते, तं पोराची मॅच सरल्यावर!"

आम्ही हसलो खरे, पण ते बोलणे मनात रुतून बसले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे ॲप आले तरी आधी प्रश्न उरतोच: मोबाईल कुणाचा?

दुसरा प्रश्न, ॲपवर सामना कुणाचा? अमेरिकेत कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा दर मार्चमध्ये गाजते. लोक वेळापत्रक, गुण, सामने सारे मोबाईलवर पाहतात. पण 'मार्च मॅडनेस' हे गाजलेले नाव २०२१ पर्यंत फक्त पुरुषांच्या स्पर्धेला होते. त्या वर्षी सेडोना प्रिन्स या खेळाडूने मोबाईलवर व्हिडिओ काढून जगाला दाखवला: पुरुष संघांना भरगच्च व्यायामशाळा आणि स्त्रियांना डंबेल्सची एक लहानशी मांडणी! आयोजकांना माफी मागावी लागली, चौकशी झाली आणि २०२२ पासून ते नाव स्त्रियांच्या स्पर्धेलाही मिळाले. २०२४ साली स्त्रियांचा अंतिम सामना मोठ्या वाहिनीवर दाखवला गेला. तो सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. 'मुलींचे सामने पाहते कोण?' असे विचारणाऱ्यांनी आधी ते दाखवून तर पाहावेत.

आपले वऱ्हाड खेळात मागासलेले नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच अमरावतीत आज मुली खेळतात, तेव्हा बघायला असते कोण? राखीव खेळाडू आणि मार्गदर्शक! हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि वरच्या पातळीवर यश मिळाले तर सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची वाट. पण जो खेळ घराने कधी पाहिलाच नाही, त्यासाठी मुलीला दुसऱ्या गावी मुक्कामाला पाठवायला घर तयार कसे होणार? एसटीचे तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धे झाले, घरची परवानगी मात्र अजून पूर्णच मागावी लागते.

एक सावधगिरीही हवी. मैदानाच्या कडेला उभे राहून मुलींच्या कपड्यांवर, अंगावर मोबाईल रोखणारे असतात. ते पाहणे खेळाचे नव्हे. चित्रण व्हावे, पण आयोजकांनी करावे, मुलींना विचारून करावे, आणि चोरून काढणाऱ्याला मैदानाबाहेर काढावे. त्या भीतीपोटी सामनेच बंद दाराआड नेणे म्हणजे चोर सोडून मुलींनाच शिक्षा.

म्हणून आपल्या गटांनी जवळच्या कॉलेजांकडे आणि विद्यापीठाकडे साध्या मागण्या कराव्यात: मुलींच्या सामन्यांचे वेळापत्रक आधी मोबाईलवर यावे, गुण त्याच वेळी कळावेत, आणि मुलांचे सामने दाखवले जातात तेव्हा मुलींचेही दाखवावेत.

आणि घरात? सामन्याच्या दिवशी तासाभरासाठी मोबाईल आईच्या हाती. पोराची मॅच थोडी थांबेल.

तुमच्या गावच्या मुली काय खेळतात, ते कोण पाहते, जरूर कळवा.