कान पिळा, पण प्रमाणात!

रेडिओचा कान पिळला की आवाज वाढतो, हे आपल्याला अर्ध्या चड्डीत असल्यापासून माहीत. पण त्या कानाच्या आत असतं काय, हा प्रश्न कधी पडलाय? आत असतो घोड्याच्या नालेसारखा एक काळा पट्टा. कार्बनची पूड रेझिनमध्ये कालवून केलेली शाई, पातळ चकतीवर छापून भट्टीत भाजलेली. तिच्यावरून धातूचं एक बोट फिरतं. झाला पोटेन्शियोमीटर! दुकानात मागताना नुसतं ‘पॉट’ म्हणायचं.

हा पट्टा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा नसतो, कारण आपला कान हिशेबाला जरा तिरपागडा. आवाज दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते! म्हणून ऑडिओच्या पट्ट्यात पहिल्या अर्ध्या फेरीत एकूण रेझिस्टन्सचा जेमतेम १० ते १५ टक्के भाग असतो, बाकी सगळा दुसऱ्या अर्ध्यात. त्यासाठी कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या शाया एकापुढे एक छापतात.

आता तुम्ही म्हणाल, बॉस, आम्हाला काय त्याचं? सांगतो. बाबांना रात्री सगळे झोपले की हळू आवाजात गाणी ऐकायची सवय. त्यांचा जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर मोठ्या आवाजात ठणठणीत, पण आवाज कमी केला की उजवा स्पीकर जवळजवळ गप्प. क्लीनर मारून झाला, उपयोग शून्य. पट्टाच झिजला होता. लॅमिंग्टन रोड पालथा घातला, पण तशा मापाचा दुहेरी पॉट कुणाकडे नाही. ‘सेटच बदला ना साहेब’ हा सल्ला मात्र सगळीकडे फुकट. बाबा म्हणाले, ‘‘राहू दे रे, एका बाजूनं ऐकतो मी.’’ हे ऐकल्यावर गप्प कोण बसणार?

पट्टा घरी करायचा ठरवलं. कार्बनची शाई विकत मिळते. रेझिस्टन्स वाढवायचा तर तिच्याच जातीचं साधं रेझिन मिसळायचं. पण इथे आमटीत मीठ घातल्यासारखं ‘अंदाजानं’ चालत नाही. एका मर्यादेनंतर कार्बन किंचित कमी झाला तरी रेझिस्टन्स कित्येक पटींनी उसळतो. सराफी काटाच हवा. छपाईला गाठला लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटर. ‘‘पत्रिकेवर हे काय छापताय?’’ असं चेहऱ्यावर आणून त्यानं मुकाट्यानं पडदा बनवून दिला. ग्लास इपॉक्सीच्या शीटवर एक शाई, ती वाळली की दुसरी, जोडावर थोडी एकावर एक. टोकांना चांदीचा कंडक्टिव्ह रंग. मग शाईच्या डब्यावर लिहिलेल्या तापमानाला भाजणं. (केक करायच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही! जुना वेगळा ओव्हन आणि उघडी खिडकी.) फिरणारं बोट आणि दांडा जुन्याच पॉटचा.

खरी गंमत पुढे आहे. व्हॉल्यूमचा पॉट सिग्नलची वाटणी करतो. त्यामुळे १०० किलोओहमच्या जागी ८० आले काय नि १२० आले काय, सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते डाव्या-उजव्याचं प्रमाण चुकलं की. हळू आवाजाला तर वाट्याला आलेला भागच एवढासा, की त्यातली चिमूटभर तफावतही कानाला टोचते. म्हणून दोन्ही पट्टे शेजारी-शेजारी, त्याच शाईनं, एकाच हातानं छापायचे आणि एकत्रच भाजायचे. मी १२ छापले, पाच-पाच ठिकाणी मोजले आणि सगळ्यात जुळणारी जोडी निवडली. लाखांनी माल काढणाऱ्या कंपनीला पत्रिका जुळवत बसायला वेळ कुठला? आपल्याकडे वेळच वेळ! किरकोळ फरक उरला, तर पट्ट्याची कड ब्लेडनं खरवडायची. मात्र त्यानं रेझिस्टन्स फक्त वाढतो, कमी होत नाही.

बाबा परवा रात्री दीडपर्यंत ऐकत बसले होते, दोन्ही बाजूंनी. आईची तक्रार आता माझ्या नावावर!

एवढी खटपट नको असेल, तर मापाचा साधा १०० किलोओहमचा लिनिअर पॉट घ्या आणि मधल्या पायापासून ग्राउंडला १५ किलोओहमचा रेझिस्टर लावा. अर्ध्या फेरीला साधारण १९ टक्के सिग्नल मिळतो, कानाला चालून जातं. आणि नुसती खरखर असेल, तर आधी पॉटच्या अलीकडचा कपॅसिटर तपासा. त्यातून डीसी गळत असला, तर पॉट बिचारा उगाच बदनाम होतो.

या वीकेण्डला एवढं तरी कराच. ६बी पेन्सिलनं कागदावर जाड पट्टा गिरवा आणि मल्टिमीटरच्या दोन पिना त्यावर टेकवा. पिना लांब न्या, आकडा चढेल. पुन्हा गिरवा, उतरेल. मॉलमधल्या पार्किंगच्या पैशांत रेझिस्टर तयार!