तुमचा रिलिव्हर येतो का?

नोकरी बदलताना तुम्ही काय काय विचारता? सीटीसी, कॅबची सोय, वर्क फ्रॉम होम, कँटीन. रात्री दोनला फोन आला तर तो कोण उचलणार, हे विचारता? खरं सांगा, नाही ना! मीही कधी विचारलं नव्हतं. पण गेल्या रविवारी चिंचवडला मावशीकडे गेले आणि डोक्यात प्रकाश पडला.

माझा मावसभाऊ एमबीबीएस झालाय आणि त्याला सायकियाट्रीच करायचंय. ‘वेड्यांचा डॉक्टर?’ हा मावशीचा पहिला धक्का एव्हाना पचलाय. आता कौन्सेलिंगचा प्रेफरन्स फॉर्म भरायचा होता. एमडी म्हणजे पूर्ण तीन वर्षं. कुठलं कॉलेज पहिलं टाकायचं, यावर आमचे डॉक्टरसाहेब चार रात्री जागे.

मी आपली शहाणी. म्हटलं, ‘‘जिथे नाइट ड्युटी कमी, ते वर टाक. तसंही तुमच्यात रात्री कसली आलीय इमर्जन्सी?’’

तो हसला. ‘‘ताई, समज चाकणजवळ हायवेवर अपघात झाला. पाय मोडला म्हणून माणूस ऑर्थोला अॅडमिट. रोज पितो, हे घरचे सांगत नाहीत. दारू एकदम बंद. दोन-तीन दिवसांनी मध्यरात्री हात थरथरायला लागतात, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटून पळायला बघतो. ऑर्थोवाले फोन कुणाला करणार? सायकियाट्रीच्या रेसिडेंटला. विष घेतलेलं कुणी वाचलं, की आता त्याच्या मनात काय चाललंय, ते बसून विचारणार कोण? तोच.’’

म्हणजे कॉल नकोत असं नाही. किंबहुना कॉलच आले नाहीत तर शिकणार काय? येरवड्याच्या मनोरुग्णालयातली रात्र वेगळी आणि जनरल हॉस्पिटलमधली वेगळी. दुसरीकडे कॅज्युअल्टी, मेडिसिन, सर्जरी, सगळीकडून फोन. प्रश्न एवढाच, की ते फोन किती जणांत वाटले जातात.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. वर्षाला तीन जागा असतील, तर तीन वर्षांचे मिळून नऊ रेसिडेंट. सारखं वाटप झालं तर महिन्याला तीन-चार रात्री. वर्षाला एकच जागा असेल, तर तिघंच. महिन्याला दहा रात्री! त्यात प्रत्येकाला तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला जिल्हा रुग्णालयात जावं लागतं. तेवढे दिवस उरलेल्या दोघांच्या वाट्याला पंधरा-पंधरा. आणि ‘सारखं वाटप’ हे कागदावर. फर्स्ट इयरवाल्याला विचारा!

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला साधारण ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं म्हटलंय. गंमत बघा, १९४८च्या फॅक्टरी कायद्यातही आठवड्याचे तास ४८च होते. पण डॉक्टरांच्या नियमाला ‘कामाच्या गरजेनुसार लवचीक’ असं शेपूट आहे. २०२४मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली: एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक सुट्टी. या मर्यादेला दिलासा म्हणायचं, यावरून कल्पना करा.

इतका वेळ काका पेपरात डोकं घालून बसले होते. चाकणच्या कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं थर्ड शिफ्ट केलीय. पेपर खाली ठेवत म्हणाले, ‘‘अरे, नाइट किती, हे नको विचारू. सकाळी रिलिव्हर येतो का, ते विचार. रिलिव्हर आला नाही की डबल. थर्ड शिफ्टनं माणूस थकतो, डबलनं चुकतो. आमच्याकडे चुकला तर बोट जातं. तुझ्याकडे काय जाईल, ते तू बघ.’’

घरात एकदम शांतता.

नंतर डॉक्टरसाहेबांनी नवी यादी केली. नाइटनंतर सकाळी सुट्टी मिळते, की थेट ओपीडीत बसवतात? रात्री अडलं तर सीनियर फोन उचलतो का? चिडलेल्या पेशंटजवळ एकट्यालाच जावं लागतं, की सिक्युरिटी असते? मागच्या वर्षीच्या जागा भरल्या का? कारण रिकाम्या जागेची ड्युटी कुणीतरी करतंच. आणि हे सगळं विभागप्रमुखांना नाही, फर्स्ट इयरच्या रेसिडेंटला विचारायचं.

दोन दिवसांनी त्याचा फोन. दोन कॉलेजांत सीनियरमार्फत नंबर मिळवून त्यानं दुपारी फोन लावले होते. एकानं लगेच उचलला, ‘‘काल सकाळपासून ड्युटीवर आहे, ओपीडीत बसलोय, पटकन बोल.’’ दुसऱ्यानं उचललाच नाही. संध्याकाळी सहाला त्याचा मेसेज, ‘‘सॉरी यार, काल नाइट होती, झोपलो होतो.’’

‘‘मग पहिलं कुठलं टाकलंस?’’

‘‘ज्याने फोन उचलला नाही, ते!’’

तर मंडळी, पुढच्या इंटरव्ह्यूत एचआरनं गोड हसून ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारलं, की पगाराआधी एवढं विचारून घ्या. हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्यांनी तर नक्कीच. सकाळी रिलिव्हर येतो का?