जबड्याचे हाड आणि न विचारलेला प्रश्न

दंतवैद्याच्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या माणसाला आगपेटीच्या कारखान्यांची आठवण व्हावी, हे विचित्र खरेच. पण लखनौला दीदींसोबत बसलो असता मला ती झाली. दीदी माझ्या थोरल्या भगिनी, वय अठ्ठ्याहत्तर. पाठीचा मणका दबल्यामुळे अस्थिठिसूळतेवर झोलेड्रॉनिक आम्लाचे इंजेक्शन त्या वर्षातून एकदा शिरेतून घेतात. मध्यंतरी त्यांची एक दाढ काढली गेली. जखम भरून आलीच नाही. तीन महिन्यांनी हिरडीतून पिवळसर हाड उघडे दिसू लागले.

दाढ काढण्यापूर्वी त्यांना विचारले गेले होते, ''रोज कोणत्या गोळ्या घेता?'' दीदींनी प्रामाणिकपणे रक्तदाबाची व थायरॉइडची गोळी सांगितली. वर्षातून एकदाचे इंजेक्शन 'रोज'मध्ये बसत नव्हते आणि 'गोळ्यां'मध्येही नाही. प्रश्न चुकीचा होता, उत्तर बरोबर होते.

एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या आगपेटी-कामगारांचे जबडे सडत. व्हिएन्नाच्या लोरिन्सर या वैद्याने १८४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्नच्या आंतरराष्ट्रीय करारात या फॉस्फरसवर बंदी आली ती १९०६ मध्ये, आणि आपल्याकडे तिचा कायदा झाला १९१३ मध्ये. कारण ठाऊक असूनही कागद हलायला सहा दशके लागली. पुढे २००३ मध्ये मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याचे हाड उघडे पडलेल्या छत्तीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हे सारे बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणारे होते. जुन्या कामगारांच्या व्याधीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटले नाही.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. ते सतत झिजते आणि नव्याने घडते. ही औषधे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात, म्हणून मणके आणि खुबा वाचतो. परंतु जबड्यात ही घडामोड वेगाने चालते, वर आवरण पातळ आणि भोवती तोंडातले जंतू. दात काढल्यावर हाडाला स्वतःची दुरुस्ती करता आली नाही, तर ते मरू शकते. शिवाय बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे मुक्काम करते. दात काढण्याआधी चार दिवस थांबवून काम भागत नाही.

येथे सावधपणे लिहिले पाहिजे. अस्थिठिसूळतेच्या मात्रेत हा धोका फारच अल्प आहे, दहा हजारांत मोजक्या रुग्णांना. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत ही औषधे घेणाऱ्यांत तो कितीतरी अधिक. उलट खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी अनेक जण वर्षभरात दगावतात. सहामाही डेनोसुमॅब तर मध्येच सोडल्यास मणके मोडण्याची भीती असते. माझा लेख वाचून कोणी औषध टाकून दिले, तर दीदींच्या दाढेपेक्षा तो मोठा अनर्थ होईल.

म्हणूनच मागणी औषधबंदीची नाही, एका कार्डाची आहे. युरोपीय औषध नियामकांनी २०१५ मध्ये झोलेड्रॉनिक आम्लासाठी रुग्णाने जवळ बाळगावयाचे स्मरणकार्ड सुचवले. आपल्याकडे औषधासोबतचे पत्रक बहुधा इंग्रजीत, भिंगाने वाचावे अशा टायपात. आणि शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाचे पत्रक रुग्णाच्या हाती पडतच नाही, ते खोक्यासकट दवाखान्यातच फेकले जाते. इंजेक्शन देण्यापूर्वी दातांची तपासणी आणि इंजेक्शनानंतर रुग्णाच्या भाषेतील कार्ड, एवढा आदेश काढणे केंद्रीय औषध नियंत्रकांना अवघड नसावे.

हाडांचे एक तज्ज्ञ मित्र म्हणाले, ''कार्ड वाचून लोक घाबरतील आणि औषध सोडतील.'' आक्षेप पोकळ नाही. पण त्याचे उत्तर कार्डाच्या मजकुरात आहे: पहिलीच ओळ 'औषध स्वतःहून थांबवू नका' अशी असावी, दुसरी 'दात काढण्याआधी हे कार्ड दाखवा' अशी.

दुष्परिणामांच्या नोंदीची व्यवस्था २०१० पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून ती चालते. रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो, १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही आहे. दीदींची नोंद मीच केली, कारण दोन्ही डॉक्टरांना ते दुसऱ्याचे काम वाटले. नोकरीत असताना दोन खात्यांच्या मध्ये पडलेल्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वैद्यकाचा नियामक वेगळा, दंतवैद्यकाचा वेगळा. २०२३ मध्ये दंत आयोगाचा नवा कायदा आला, पण एका डॉक्टरने लिहिलेले औषध दुसऱ्याला कळावे कसे, हा प्रश्न आजही रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेला आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!

मृत हाडाचा तुकडा काढल्यावर दीदींची जखम आता भरत आली आहे. त्यांच्या बटव्यात माझ्या गचाळ अक्षरातली हिंदी चिठ्ठी असते. पुढचे इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, दंतवैद्यांना विचारा. दंतवैद्य म्हणाले, ते हाडांचे डॉक्टरच सांगतील.