मागच्या बाकावरचे लेकरू

गेल्या महिन्यात नायगावच्या एका चाळीत आम्ही एका घरी गेलो होतो. घरातली माउली दादरच्या बाजारात भाजी विकते, वडील एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन. चहा झाला आणि ताईंनी चौथीतल्या मुलाची वही आमच्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "बघा भाऊ, चार वर्षं शाळेत जातोय, अजून धड वाचता येत नाही. बाई म्हणतात, ढ आहे, याला कुठल्यातरी कामाला लावा." पोरगा दाराआड उभा राहून सगळे ऐकत होता.

आम्ही वही चाळली. ‘घर’ लिहायचे तिथे ‘धर’, ‘भात’च्या जागी ‘मात’, वेलांट्या उलट्या, फळ्यावरून उतरवलेले वाक्य निम्म्यावर सोडलेले. पानोपानी लाल शाईच्या फुल्या. मग त्याला जवळ बोलावून विचारले, "आईने दहा रुपयांच्या दोन जुड्या विकल्या आणि पंधराच्या तीन. गल्ल्यात किती आले?" क्षणात उत्तर आले, "पासष्ट." आता सांगा, हे पोर ढ कसे?

बुद्धी चांगली, डोळे-कान चांगले, शिकण्याची इच्छा आहे, तरीही अक्षर डोक्यात बसत नाही, अशी मुले असतात. याला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतात. कोणाला वाचनाची अडचण, कोणाला लेखनाची, कोणाला गणिताची. हा आळस नव्हे, वेडही नव्हे, आणि आईबापांचा दोषही नव्हे. मारून ती जात नाही. २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला, तेव्हा चाळीचाळींतून तो पाहून आपण डोळे पुसले. पण तसेच लेकरू आपल्याच खोलीत बसले आहे, हे मात्र ओळखले नाही.

मुलाला वर्गातल्या वर्गात वेगळे बसवले की त्याच्या मनाचे काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. त्या गोणपाटाची आठवण निघाली की आजही आपला ऊर भरून येतो. मग आपल्याच पोराला आपण शेजाऱ्यांदेखत ‘ढ’ आणि ‘येडा’ म्हणतो तेव्हा काय करतो? त्याच्यासाठी घरातच गोणपाट अंथरतो!

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावाने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र त्याला जवळ घेतले. तीच गाथा पुन्हा घोकायला लावली नाही. हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले आणि अनित्यता म्हणजे काय, ते त्याला उमगले. शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

वर्गातही तेच करता येते आणि त्याला फार पैसा लागत नाही. मुलाला पुढच्या बाकावर, बाईंच्या नजरेसमोर बसवावे. सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचायला लावून हसे करू नये. फळ्यावरून पानेच्या पाने उतरवायला लावू नये. एका वेळी एकच सूचना द्यावी. लिहिता येत नसेल तर उत्तर तोंडी घ्यावे. अक्षर वाळूत बोटाने गिरवून घ्यावे, शब्द टाळी वाजवत फोडून म्हणवून घ्यावा, बेरीज-वजाबाकी चिंचोक्यांवर करून घ्यावी. वाचताना ओळीखाली पट्टी धरली तर नजर घसरत नाही. शिक्षकांवर कामाचा भार आहे, हे आम्ही जाणतो. शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, पण कित्येक वर्ग त्याहून मोठे असतात. तरीही बाईंशी भांडायला जाऊ नका. वही घेऊन जा, शांतपणे बोला आणि मुलाला काय येते तेही सांगा.

आता कामाचे बोलू. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. पुष्कळदा नुसता चष्मा लागलेला असतो. त्यानंतर अध्ययन अक्षमतेची तपासणी. आठ वर्षे पूर्ण झाल्यावर तिचे प्रमाणपत्र मिळू शकते. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर आणि आपल्या परळचे के.ई.एम. या महापालिकेच्या रुग्णालयांत ही सोय आहे. मूल मराठी माध्यमाचे असेल तर तपासणी मराठीतून व्हावी, असे आवर्जून सांगा. शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तके सोबत न्या. एका फेरीत काम होत नाही, याची तयारी ठेवा.

प्रमाणपत्राचा उपयोग काय? महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापले जात नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमताही धरली आहे. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे. आणि आता उशीर करून चालणार नाही. २०२३ च्या नियमाने राज्यात पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात नापास झाले तर पुन्हा एक संधी, आणि तीही हुकली तर मूल त्याच वर्गात बसते. तिथून शाळा सुटायला किती वेळ लागतो, ते आपण वस्तीत पाहतोच.

घरी काय करावे? दहा बाय बाराच्या खोलीत शांतता कुठून आणायची, असे माता विचारतील. रोज पंधरा मिनिटे टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा, एवढे पुरे. बसचा नंबर, वाण्याचे बिल, दुकानाची पाटी वाचून घ्या. चुकले तर ओरडू नका, जमले तर शाबासकी द्या.

त्या ताई म्हणाल्या, "भाऊ, दोन-तीन दिवसांचा धंदा बुडेल हो." खरे आहे. हातावर पोट असणाऱ्याला एक दिवससुद्धा जड जातो. म्हणून आमची विनंती विहारातल्या आणि मंडळातल्या तरुणांना आहे. चाळीतल्या अशा मातेबरोबर केसपेपरच्या रांगेत कोणीतरी उभे राहा. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातो, तसे यासाठीही एकदा जा.

निघताना आम्ही वही परत दिली. पोरगा आता दाराआडून बाहेर आला होता. त्याने हळूच विचारले, "काका, मी ढ नाय ना?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे.

जयभीम!