मेनफ्रेम : जुने, पण मोडीत न निघालेले

महाद्वार रोडवर कुणी परदेशी बँकेचे कार्ड स्वाइप केले, तर त्याचा हिशेब बहुधा मेनफ्रेमवरच होतो. आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टीम/३६०’ आणली. त्या काळचे प्रोग्रॅम आजच्या यंत्रांवरही चालू शकतात. मोठ्या बँका मेनफ्रेम सोडत नाहीत, त्याचे हे एक कारण. २०२२ च्या ‘झेड१६’मध्ये तर व्यवहार सुरू असतानाच फसवणूक हेरणारी एआयची सोय चिपवरच आहे.

अडचण आहे ती माणसांची. कोबोल ही १९५९ ची भाषा. जाणकार निवृत्त होत आहेत. २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याचे अर्ज तुंबले, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. आपली मुले पायथॉन शिकून पुण्याची गाडी धरतात. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत कोबोलचेही काम आहे. कोल्हापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तो निदान ऐच्छिक विषय म्हणून तरी शिकवावा.