रोग्याचा शब्द

१९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीला तपासावयास आलेल्या डॉक्टराने तिला स्पर्शही केला नाही. थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हातून दिला. ती माता दगावली. ही हकीकत डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेविली आहे.

आज किनवटसारख्या डोंगराळ तालुक्यातही जेथे डॉक्टर रोग्याला अडाणी समजतो आणि रोगी 'साहेबांना विचारू कसे?' म्हणून गप्प राहतो, तेथे तसलेच अंतर उरते. अर्धवट सांगितलेल्या दुखण्याचे निदान चुकण्याचा धोका असतो.

बंधुभगिनींनो, दुखणे सविस्तर सांगा. औषध कशाचे, किती दिवस, हे विचारा. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यास ७२ तासांत उपचाराच्या नोंदी देणे डॉक्टरावर बंधनकारक आहे. हा हक्क संकोच न करता बजावा.