हेडमास्तरांना न आलेले पत्र

आज शिक्षक दिन. महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेच्या अलीकडे असो वा पलीकडे, मराठी शाळांत आज भाषणे होतील आणि त्यांतल्या एखाद्या भाषणात अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र हमखास येईल. हे पत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते, निरोप समारंभात भेट दिले जाते, पालकसभेत मोठ्याने वाचले जाते. वाचणाऱ्याचा गळाही मध्येच दाटून येतो. अडचण एवढीच, की असे पत्र लिंकनने लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही.

मूळ हस्तलिखित कुणी दाखवू शकलेले नाही. लिंकनच्या समग्र लेखनाच्या खंडांत ते नाही. थोरला मुलगा रॉबर्ट याने वडिलांचे कागदपत्र अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या हवाली केले होते. आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षे ते कुणाला दाखवायचे नाहीत अशी त्याची अट होती. २६ जुलै १९४७ रोजी ते कागद खुले झाले, त्यांतूनही हे पत्र निघाले नाही. काही प्रतींवर तर १८३० हे साल छापलेले असते. त्या साली लिंकन एकवीस वर्षांचा, अविवाहित होता. रॉबर्टचा जन्म १८४३ चा. मराठीत या मजकुराला जे वजन आले ते त्याचा अनुवाद करणाऱ्या वसंत बापटांच्या लेखणीचे. श्रेय द्यायचेच तर बापटांना द्यावे.

थोरांच्या नावावर काहीबाही खपवणे आपल्याला नवे नाही, आणि अमेरिकेलाही नाही. लहानग्या लिंकनने मागून आणून वाचलेल्या पुस्तकांत पार्सन वीम्सचे वॉशिंग्टन-चरित्र होते. चेरीचे झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या बाळ वॉशिंग्टनची गोष्ट याच वीम्सने रचून १८०६ च्या आवृत्तीत घातली. म्हणजे लिंकन स्वतःही एका राष्ट्राध्यक्षाच्या बनावट गोष्टींवर वाढला, आणि त्याने त्याचे काही बिघडले नाही. तेव्हा पत्र खोटे आहे एवढ्यासाठी भिंतीवरून चौकट उतरवा असे आम्ही म्हणणार नाही.

आमची तक्रार निराळी आहे. त्या पत्रातला बाप शिक्षकाकडे मागतच सुटतो. मुलाला धीट करा, नम्र करा, हरायला शिकवा, जिंकायला शिकवा, झुंडीपासून दूर राहायला शिकवा. स्वतः आपण काय करणार, याबद्दल चकार शब्द नाही. पालकांना हे पत्र इतके का आवडते, याचे उत्तर कदाचित इथेच असावे.

खऱ्या लिंकनला शाळेकडून मिळाले होते ते फार थोडे. केंटकीत आणि मग इंडियानाच्या जंगलात, शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा शाळा. सगळी मिळून वर्षभरही भरणार नाही, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. मुले एकाच खोलीत मोठमोठ्याने घोकत बसत. मास्तराला लिहिता-वाचता आणि त्रैराशिकापर्यंत हिशेब आला की पुरे. १८५८ साली काँग्रेसच्या सदस्यांच्या चरित्रकोशासाठी माहिती देताना शिक्षणाच्या रकान्यात त्याने ‘सदोष’ अशा अर्थाचा एकच शब्द भरला. हा माणूस तोवर नावाजलेला वकील होता, काँग्रेसमध्ये बसून आला होता, आणि त्यानंतर चाळिशीच्या आसपास युक्लिडची भूमिती घेऊन बसला होता. नदीतल्या वाळूत रुतलेली बोट वर उचलण्याच्या युक्तीचे पेटंटही (क्रमांक ६४६९, १८४९) त्याच्या नावावर आहे. पेटंट मिळवलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत झालेला नाही.

आणि त्याची मुले? धाकटा टॅड अडखळत, अस्पष्ट बोलायचा. त्याला शिकवायला घरी मास्तर ठेवले, त्यांना त्याने दाद दिली नाही. व्हाइट हाउसमध्ये तो बकऱ्या पळवत हिंडे. वडील गेले तेव्हा बारा वर्षांच्या टॅडला धड वाचता येत नव्हते. अक्षरे शिकायला पुढे भरपूर वेळ आहे, हे लिंकनचे त्यावरचे मत. आजच्या पालकसभेत त्याला कुणी बोलू दिले नसते.

हे बोथमध्ये बसून लिहिताना मनात येते ते इथले गुरुजी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले आणि उरलेला बोथ आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात. इथल्या मुलाच्या कानावर मराठी पडते, गोंडी पडते, तांड्यावरची बंजारा, बाजारातली उर्दू, कचेरीतली तेलुगू. २०१८ च्या कायद्याने शाळेत तेलुगू सक्तीची. अशा मुलाला अक्षरे उशिरा लागली तर तो दोष मुलाचा नाही आणि मास्तराचाही नाही. त्या मास्तराच्या हाती आपण वर्षातून एकदा सद्गुणांची यादी ठेवतो आणि टाळ्या वाजवतो.

लिंकनचा हात या काळ्या मातीपर्यंत पोचला तो कुठल्याच पत्रातून नव्हे. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होताच त्याने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस अडला, आणि मुंबईत कापसाचा भाव कडाडला. शेजारच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याचा झाला. १८६५ ला युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली, तीही गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. आठवणीत ठेवावा असा मराठी मुलखाचा लिंकनशी हा संबंध आहे. तो भिंतीवर कुठे दिसत नाही.

विद्यार्थ्याबद्दल लिंकनचे अस्सल पत्रच हवे असेल तर तेही आहे. थोरला रॉबर्ट १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. वर्षभर एक्झेटरच्या शाळेत तयारी करून मग त्याला प्रवेश मिळाला. त्याचा स्प्रिंगफील्डचा मित्र जॉर्ज लेथम मात्र पुढच्या वर्षी नापास झाला. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, निवडणूक साडेतीन महिन्यांवर. २२ जुलै १८६० रोजी त्याने या परक्याच्या पोराला पत्र लिहिले. तुझ्या नापास होण्याचे जेवढे दुःख झाले तेवढे क्वचितच कशाचे झाले असेल, पण तू मनाला लावून घेतले नाहीस तर यात काही बुडालेले नाही. एकदा हात घातला आहेस तर आता तडीस ने. हेडमास्तरांसारख्या कुणाचा उल्लेख त्यात एकदाच येतो: विद्यापीठाचे प्रमुख भले गृहस्थच असणार, त्यांना जाऊन भेट, अडचणीतून सोपी वाट कोणती ते सांगतील.

लेथमला हार्वर्ड मिळाले नाही. तो येलला गेला.